आसाराम पळाला नव्हता

कानिफनाथ गर्जे एक पाय लढाईत ठेवून घरी आला, त्या दिवशी वाडीनं त्याला पाथर्डीच्या रस्त्यापासून बैलगाडीत बसवून मिरवत आणलं. सन बहात्तर, चैत्राचं ऊन. विहिरींचे तळ उघडे पडले होते, गुरांना वैरण नव्हती. तरी कुणीतरी गुलाल आणला होता, हलगी आणली होती. बांगलादेशाची लढाई जिंकून चार महिने झाले होते आणि जिंकल्याचा कैफ अजून उतरला नव्हता. नारळ देणाऱ्यांची, पाया पडणाऱ्यांची रीघ दुपारी ओसरली, तेव्हा त्याच्या बायकोनं, राहीबाईनं, पुढ्यात भाकरी आणि ठेचा ठेवला. तो दोन घास जेवला असेल नसेल, तोच ती हळूच म्हणाली,

“एक इचारू का? तुमचा त्यो देवळालीचा दोस्त, आसाराम म्हसे. त्यो पळून गेला व्हय?”

कानिफनाथाचा हात ताटातच थांबला. “कोन म्हनलं?”

“समदेच म्हनत्यात. औंदा आमची टोळी तिकडंच हुती ना ऊस तोडायला. फडात, बाजारात, जिथं तिथं त्येच. लढाईतून पळाला, बंगालात बाई ठिवली आन तिकडंच ऱ्हायला. त्याच्या बायकूला बाया हळदीकुकवाला बी बोलवत न्हाईत.”

ताट भिंतीवर जाऊन आदळलं. असल्या सालीही, नवऱ्याचं तोंड बघून, मातीत सांडलेलं अन्न राहीबाईनं उचललंसुद्धा नाही.

“पळाला?” तो ओरडला. “आगं, ह्यो मी तुज्याम्होरं बसलोय, त्यो त्याच्यामुळं!”

आसाराम आणि कानिफनाथ यांची ओळख पलटणीतली नव्हे, त्याआधीची. कानिफनाथाचे आईबाप दरसाल दिवाळी झाली की बिऱ्हाड पाठीवर टाकून राहुरीकडं ऊस तोडायला जायचे, आणि देवळाली प्रवऱ्याच्या शिवारात म्हशांच्या मळ्याशेजारी त्यांची कोपी पडायची. पाचटाची कोपी, आत चूल, चार गाडगी. म्हसे म्हणजे पाटाच्या पाण्याखाली आठ एकर ऊस असलेले बागायतदार. ऊस तोडणाऱ्यांची पोरं बागायतदारांच्या पोरांत खेळत नसत. आसाराम मात्र खेळायचा. पाटात पोहायला तो कानिफलाही ओढायचा. पण पाथर्डीच्या पोराला गुडघ्याच्या वर पाणी म्हणजे मरण. तो काठावर बसून दुसऱ्याचे कपडे राखायचा.

चौसष्ट साली नगरला सैन्याची भरती निघाली. चिनी लढाईनंतरचे दिवस होते, माणसं हवी होती. रांगेत आपल्या पुढं कोण उभं आहे म्हणून कानिफनाथानं बघितलं, तर आसाराम.

“तू? घरी उसाचा मळा सोडून?”

“मळा थोरल्या भावाला पुरतो,” आसाराम म्हणाला. “मला जरा जग बघायचंय.”

कानिफनाथाला जग बघायचं नव्हतं, त्याला दोन वेळचं जेवण पाहिजे होतं. दोघंही घेतले गेले. एकाच पलटणीत, पुढं एकाच सेक्शनमध्ये, दहा जणांच्या तुकडीत. तिथं पहिल्यांदा कानिफनाथाला कळलं, की शेजारी बसून जेवताना माणूस कुणाच्या मळ्यातला हे विचारत नाहीत. सात वर्षं दोघांनी एकाच तंबूत काढली. सुट्टीवर मात्र आळीपाळीनं यावं लागे. सत्तर साली आसाराम सुट्टीवर आला असताना काकासाहेबांची माणसं दुसऱ्याच्या पाळीचं पाणी रात्रीतून आपल्या उसाकडं वळवताना त्याला सापडली. हे काकासाहेब म्हणजे गावच्या सोसायटीचे चेअरमन. आसारामनं सकाळी भर पारावर, पाण्याच्या पाळ्या लावणाऱ्या पाटकऱ्यादेखत, त्यांच्या तोंडावर सांगितलं, “सरहद्दीवर दुष्मन चोरून येतो म्हणून आम्ही तिथं बसतो. इथं तुम्हीच चोरून घेता.” माणसं हसली. काकासाहेबही हसले. पण असलं हसू माणूस विसरत नसतो.

मग एकाहत्तरचा डिसेंबर आला. बंगाल. जिकडं बघावं तिकडं पाणी. नद्या, ओढे, तळी, भातखाचरं. पाऊल टाकावं तर चिखल. कानिफनाथ म्हणायचा, “आमच्या पाथर्डीचं समदं पानी देवानं हितं आनून वतलंय.”

त्या सकाळी धुकं होतं. सेक्शनला हुकूम होता, पुढचा प्रवाह ओलांडून पलीकडच्या केळीच्या बागेत शिरायचं. होडी नव्हती. सेक्शनचा हवालदार म्हणाला, “दोर कोण नेतो?” आसाराम आधीच बूट काढत होता. दोराचं टोक कमरेला बांधून तो त्या थंडगार पाण्यात शिरला आणि पलीकडं जाऊन त्यानं ते सुपारीच्या झाडाला आवळलं. एकेक जण दोराला धरून पार झाला. कानिफनाथानं डोळे मिटून, देवाचं नाव घेत तो प्रवाह ओलांडला.

बागेत दुष्मन मोर्चे बांधून बसला होता. धुकं उठलं आणि मशीनगन सुरू झाली. पहिल्याच फैरीत हवालदार गेला. कानिफनाथाच्या डाव्या नडगीचा चेंदा झाला. दुसऱ्या दोघांना पोटात, खांद्यात गोळ्या लागून ते बांधाआड पडून राहिले. बाकीचे बांधाला छाती टेकून गोळीबार करत होते. आसारामनं कानिफनाथाला बखोटीला धरून मागं ओढलं, पाण्यात घातलं, त्याची हनुवटी आपल्या खांद्यावर घेतली आणि एका हातानं पोहत त्याला अलीकडं आणलं. काठावर स्ट्रेचर घेऊन दोघं उभे होते.

“ह्याला न्या,” आसाराम धापा टाकत म्हणाला. “अजून दोघं आहेत तिकडं.”

“नगं जाऊ,” कानिफनाथ म्हणाला. “आरं, नगं जाऊ.”

“गप पड. आलोच.”

तो निम्म्या प्रवाहात पोचला असेल. गोळ्यांची रांग पाण्यावरून शिवण घालत आली. आसारामचा एक हात वर आला, पाठ दिसली, पाणी लाल झालं, आणि प्रवाह त्याला घेऊन खाली मोठ्या नदीकडं निघून गेला. कानिफनाथानं हे सगळं स्ट्रेचरवर पडल्या पडल्या डोळ्यांनी बघितलं. मग त्याची शुद्ध गेली.

त्या बागेतून सेक्शनचा एकही माणूस परतला नाही. दुपारी दुसऱ्या तुकडीनं बाग घेतली, तेव्हा प्रेतं सापडली, मोजली गेली. आसारामचं सापडलं नाही. कागदावर लिहिलं गेलं: बेपत्ता. ही तार देवळालीत आली, तेव्हा काकासाहेबांनी पारावर तिचा अर्थ लावला: पळाला.

कानिफनाथाला तेव्हा यातलं काही ठाऊक नव्हतं. लखनौच्या दवाखान्यात पाय गुडघ्याखाली कापला, महिनाभर तो तापात बरळत होता. नंतर पुण्यात लाकडी पाय बसवून चालायला शिकवलं. सेक्शनमधलं कुणी उरलं नाही, एवढं तिथं त्याला कळलं. आसारामच्या घरी त्यानं तीनदा पोस्टकार्ड लिहायला घेतलं आणि तीनदा फाडलं. काय लिहायचं? तुमचा माणूस मला वाचवून मेला, मी बरा आहे? आसाराम गेल्याची पलटणीची तार घरी गेलीच असेल, असं तो धरून चालला. ही त्याची चूक होती, आणि ती तो पुढं कधी नाकारत नव्हता.

दुसऱ्या दिवशी राहीबाई अडवत असताना तो जीपनं पाथर्डीला, एसटीनं नगरला आणि तिथून देवळालीला गेला. लाकडी पायाची सवय नव्हती. खुंटाची कातडी सोलून रक्त येत होतं.

म्हशांच्या वस्तीवर आसारामची आई, आक्काबाई, ओट्यावर बसली होती. डोळ्यांत मोतीबिंदू. पावलाचा खट्खट आवाज ऐकून तिनं विचारलं, “कोण गं?” आसारामची बायको केशरबाई बाहेर आली. कपाळावर ठळक कुंकू, हातात हिरव्या बांगड्या. कानिफनाथानं ते कुंकू बघितलं आणि त्याच्या ध्यानात आलं, आपण इथं काय करायला आलोय ते. आसारामची अब्रू परत द्यायची तर या बाईचं कुंकू आपल्याच तोंडानं पुसावं लागणार होतं. पाण्याचा तांब्या त्यानं न पिताच खाली ठेवला.

केशरबाईच म्हणाली, “दादा, तुम्ही ह्यांच्याबरोबर होता. बाया मला विचारतात, कुणाच्या नावाचं कुंकू लावतेस? पाच महिने मी खाली मान घालून चालतेय. काय असेल ते सांगा. वाईट असलं तरी सांगा. पण खरं सांगा.”

त्यानं सांगितलं. दोर, बाग, पाणी, सगळं. केशरबाई भिंतीला टेकून ऐकत राहिली, मध्ये एकदाही रडली नाही. म्हातारी मात्र मान हलवत होती.

“पाण्यात? माझा आसाराम पाण्यात कसा बुडंल? पाटात उभा वाढला तो.”

“बुडला न्हाई, आई. गोळी लागली. पोहताना लागली.”

“पाठीत का छातीत?”

असा प्रश्न आई विचारील असं त्याला वाटलं नव्हतं. गावानं तिच्या मनात काय काय पेरलं होतं, ते त्याला त्या एका प्रश्नात दिसलं.

“दुष्मनाकडं तोंड करून चालला हुता,” तो म्हणाला. “छातीत.”

तेव्हा कुठं म्हातारीनं हंबरडा फोडला.

दोन दिवसांनी एक मे होता. शाळेच्या पटांगणात लढाईवर गेलेल्या गावच्या जवानांचा सत्कार ठेवला होता. पाय गेलेला एक जवान गावात आलाय, असं कळल्यावर काकासाहेबांनी स्वतः निरोप धाडला: तुमचाही मान करू. कानिफनाथ गेला. त्याला खुर्ची दिली, शाल घातली, नारळ दिला. मागं फळ्यावर जवानांची नावं खडूनं लिहिली होती. आठ नावं. आसारामचं नव्हतं. केशरबाई मागं, बायकांपासूनही वेगळी, कंपाउंडाला टेकून उभी होती.

भाषणं झाली. काकासाहेब लाउडस्पीकरवर म्हणाले, “गावाचं नाव राखणारेही असतात आणि घालवणारेही. आज आपण राखणाऱ्यांचा मान करतोय.”

कानिफनाथ उठला. अंगावरची शाल काढून त्यानं टेबलावर ठेवली.

“घालवनारा कोन?” त्यानं विचारलं. “नाव घ्या की, चेअरमनसाहेब.”

“तुम्ही बसा, गर्जे.”

“न्हाई बसनार. आसाराम म्हसे पळाला न्हाई. माज्या डोळ्यादेखत मेला. मला पाण्यातनं वढून काढलं, आन दुसऱ्या दोघांना आनायला परत गेला, तवा मेला. तुमच्यात कुनी हाय का असा, जो येकदा वाचून परत जाईल?”

मागून कुणीतरी बोललं, “कोयत्यावरचं पोरगं आम्हाला शिकवतंय!”

“व्हय, कोयत्यावरचाच हाय! तुमचाच ऊस तोडलाय माज्या आईबापानं. पर असली गोष्ट आमच्या कोपीत बी कुनी बोललं नसतं.”

काकासाहेबांनी शांतपणे खिशातून चष्मा काढला. “हे पाहा, तुमच्या भावना आम्ही समजू शकतो. पण सरकारी कागदावर बेपत्ता आहे. कागद आणा, आम्ही नाव लिहू.”

“बेपत्ता म्हंजी पळाला, हे कुठल्या कागदावर हाय? त्यो दावा मला!”

 कुणीतरी राष्ट्रगीत सुरू केलं. राष्ट्रगीत लागल्यावर जवानानं काय करायचं? कानिफनाथ सावधान उभा राहिला. 

तिथून तो नगरच्या सैनिक बोर्डाच्या कचेरीत गेला. कारकुनानं फाइल न उघडताच सांगितलं, “एका माणसाच्या सांगण्यावर मेलेला धरता येत नाही. दोन साक्षीदार लागतात.”

“सेक्शनमधला मी येकलाच जिता हाय, साहेब.”

“मग सात वर्षं थांबा. सात वर्षं माणसाचा ठावठिकाणा लागला नाही की कायद्यानं तो मेला.”

“सात वर्षं त्याच्या बायकूनं काय करायचं?”

कारकुनानं खांदे उडवले आणि पुढच्या माणसाला बोलावलं.

बाहेर झाडाखाली बसून कानिफनाथ त्या सकाळचं एकेक माणूस आठवत राहिला. मेलेले, मेलेले, मेलेले. आणि मग त्याला स्ट्रेचर आठवलं. पलटणीचे बँडवाले लढाईच्या वेळी स्ट्रेचर उचलतात. त्या दोघांतला एक ढोल वाजवणारा होता, पलटणीत सगळे त्याला ‘काष्टीकर’ म्हणत. आपल्याच जिल्ह्यातला.

पलटणीत पत्र टाकलं, तर कळलं, की श्रीमंत नावाचा तो ढोलवाला नोकरी पुरी करून गावी गेलाय. कानिफनाथ श्रीगोंद्याच्या एसटीत बसला. काष्टीला त्या दिवशी बाजार होता. बैलांच्या गर्दीतून, शेणातून, तो लाकडी पाय रोवत श्रीमंतला शोधत फिरला. श्रीमंत एका खोंडाचे दात बघत होता.

“मला वळखलं का?”

श्रीमंतनं पायाकडं बघितलं, मग तोंडाकडं. “आयला! तू जिता हायस?”

“मला आनलं त्यो परत पाण्यात शिरला. तू काय बघितलंस?”

“काय म्हंजी? निम्म्यात गोळ्या लागल्या. व्हावून गेला बिचारा. आमी तुला उचललं आन पळालो.”

“मंग तू कुनाला सांगितलं का न्हाई?”

“मला कुनी इचारलंच न्हाई,” श्रीमंत म्हणाला. “त्याचं नाव बी मला ठाव न्हाई.”

कानिफनाथाला हसावं की रडावं कळेना. एका बाईचं आयुष्य, एका म्हातारीचा जीव, मेलेल्या माणसाची अब्रू. हे सगळं खोंडांच्या बाजारात सहा महिने पडून होतं, कारण कुणी विचारलं नव्हतं. श्रीमंत माणूस सरळ होता. खोंड तिथंच सोडून तो निघाला. दोघांनी तहसीलदारापुढं जबान्या दिल्या, अंगठे नव्हे, सह्या केल्या. कागद पलटणीकडं गेले. पलटणीनं चौकशी लावली, दोघांना बोलावून पुन्हा विचारलं, तारखा जुळवल्या.

पाऊस त्याही वर्षी पडला नाही. पाथर्डीकडं पाझर तलावाची दुष्काळी कामं निघाली. राहीबाई खडी फोडायला जायची, आणि कानिफनाथ बसल्या बसल्या हातोडा चालवायचा. दर आठवड्याला तो पोस्टात जाऊन विचारी. पोस्टमन त्याला लांबून बघूनच मान हलवायचा.

दिवाळीत आक्काबाई वारली. शेवटच्या आठवड्यात ती एकच विचारत होती, “कागद आला का?” केशरबाईनं एकदा खोटंच सांगितलं, आला म्हणून. म्हातारी म्हणाली, “वाच.” केशरबाईला वाचता येत नव्हतं, हे म्हातारीला चांगलं ठाऊक होतं.

कागद आला तो त्र्याहत्तरच्या जानेवारीत. ‘शत्रूशी लढताना, जखमी सहकाऱ्यांना वाचवत असताना वीरमरण.’ एक ओळ. तिला तेरा महिने लागले होते.

लागलीच काकासाहेब चार माणसं आणि हार घेऊन वस्तीवर आले. सव्वीस जानेवारीला शाळेत मोठा कार्यक्रम करू, फोटो लावू, भाषणं होतील. कानिफनाथही त्या दिवशी तिथंच होता. केशरबाईनं त्यांना ओट्यावर चढू दिलं नाही.

“कार्यक्रम करा,” ती अंगणातूनच म्हणाली. “पण त्याच पटांगणात, त्याच लाउडस्पीकरवर तुम्ही आधी म्हणायचं, मी खोटं बोललो. तेवढं म्हणा, मग मी येते.”

“वहिनी, थोडा गैरसमज झाला होता...”

“गैरसमज न्हाई,” कानिफनाथ म्हणाला. “खोटं.”

काकासाहेबांनी घड्याळ बघितलं. हार ओट्याच्या कडेला ठेवून ते निघून गेले. केशरबाईनं तो हार उचलून बाहेर गुरांपुढं टाकला. कार्यक्रम झाला नाही. शाळेच्या मास्तरांनी आपल्या हातानं, कुणाला न विचारता, ऑइलपेंटनं भिंतीवर नाव लिहिलं: आसाराम म्हसे.

देह नव्हता, म्हणून दर्भाचा पुतळा करून प्रवरेच्या काठी अग्नी द्यायचं ठरलं. आसारामला मूलबाळ नव्हतं. पाणी द्यायची पाळी थोरल्या भावाची. पण त्यानंही ते बोलणं वर्षभर कानांनी ऐकून घेतलं होतं, आणि केशरबाई ते विसरली नव्हती. तिनं कानिफनाथाला पुढं बोलावलं. भावकी उसळली.

“जात कुठली, पात कुठली! ऊस तोडणाऱ्यानं म्हशांच्या माणसाला पाणी द्यायचं?”

“माझ्या मालकांनी दादांना खांद्यावर घेऊन पाणी पार केलं, तेव्हा जात विचारली नव्हती,” केशरबाई म्हणाली. “आणि तुम्ही सगळे जातीचेच होता ना? मग वर्षभर कुठं होता?”

थोरला भाऊ खाली मान घालून बाजूला झाला. कानिफनाथानं अग्नी दिला, पाणी दिलं. 

पुढच्या वर्षी सोसायटीची निवडणूक झाली. काकासाहेब बिनविरोध निवडून आले. केशरबाईनं मास्तरांकडून लिहून घेतलेल्या पोस्टकार्डात शेवटी ही एक ओळ होती. कानिफनाथ तेव्हा पाझर तलावाच्या कामावर हजेरी मांडायला लागला होता. त्यानं कार्ड राहीबाईला वाचून दाखवलं.

“मंग आता?” तिनं विचारलं.

“मंग काय? आपुन बोलत ऱ्हायचं,” तो म्हणाला, आणि हजेरीची वही काखेत मारून बांधाकडं चालू लागला.